कुल्याशची जोडी

तोलेगेन : एवढ्यासाठी अल्माटीहून तालगारपर्यंत बसचे धक्के खात आलीस? फोन केला असतास तरी चाललं असतं.

अकबोपे : फोनवर जीभ रेटली नसती, अगाय. तुम्ही माझे गुरू, आणि पिपेट धरायला मला तुमच्या पत्नीनं, कुल्याश आपांनी शिकवलं. त्यांनी शोधलेली मायक्रोआरएनए आणि जनुकाची जोडी आमच्या डेटाबेसमधून काढायची, तर निदान समोर बसून सांगावं म्हटलं.

तोलेगेन : काढायची म्हणजे ठरलंय तुमचं.

अकबोपे : तीन प्रयोगशाळांनी करून पाहिलं. आपा म्हणायच्या, तो इवलासा मायक्रोआरएनए त्या जनुकाचं तोंड बंद करतो. माणसाच्या पेशीत नाही, उंदराच्या नाही, मेंढीच्याही नाही. जनुक आपलं बोलतच राहतं.

तोलेगेन : त्यांचे हात जड असतील. कुल्याशचा हात हलका होता.

अकबोपे : होताच. पण कुणाचा हात हलका म्हणून निसर्ग आपलं म्हणणं बदलत नाही, हे वर्गात तुम्हीच बजावायचात.

तोलेगेन : चहा घे.

अकबोपे : पियाली काठोकाठ भरलीत. आपल्याकडे त्याचा अर्थ ऊठ आणि चालू लाग, असंच ना?

तोलेगेन : अगं नाही, नाही. ओतताना भान नाही राहिलं. आण इकडे, अर्धी करतो. बस तू. बौरसाक घे, विकतचे आहेत, दगडासारखे. चहात बुडवून खा.

अकबोपे : रागावलात?

तोलेगेन : रोज सकाळी मी तुमचं ते पान उघडतो. हा आरएनए, हे जनुक, आणि पुढे तिचं नाव. कबरीवर ईदला मी एकटाच जाऊन येतो. त्या ओळीपाशी मात्र कुठकुठचे लोक येतात. एक ओळ राहिली तर कुणाचं काय बिघडणार आहे? मी गेल्यावर काढ की.

अकबोपे : बिघडतं, अगाय. शिमकेंतची जानेल म्हणून एक मुलगी आहे, पीएचडी करतेय. त्याच ओळीवर भरवसा ठेवून तिनं औषधाचा प्रयोग मांडलाय. उंदीर आणलेत, पिंजरे लावलेत. परवा मला विचारत होती, ताई, ही जोडी पक्की ना? दोन वर्षं घालवू ना मी तिच्यावर?

तोलेगेन : मग काय म्हणालीस?

अकबोपे : म्हटलं, सोमवारी सांगते. आणि इकडे आले.

(तोलेगेन उठून खिडकीशी जातात.)

तोलेगेन : तिला सांग, नको घालवूस.

अकबोपे : मी आपांना खोटं ठरवत नाहीये. तेव्हा प्रयोगशाळेत वेगवेगळ्या पेशी एकमेकींत मिसळायच्या, कुणाच्या लक्षातही यायचं नाही. चूक प्रामाणिक होती.

तोलेगेन : ते मला नको सांगूस. तीन प्रयोगशाळा म्हणतेस ना? चार आहेत.

अकबोपे : चौथी कुठली?

तोलेगेन : मी. कुल्याश गेली त्या हिवाळ्यात घर खायला उठायचं. म्हटलं, तिचाच प्रयोग तिच्याच बाटल्यांनी करू, तेवढीच तिची सोबत. जनुकाच्या शेपटीला काजव्याचा उजेड जोडायचा, आरएनए सोडला की तो मंदावायला हवा.

अकबोपे : आणि?

तोलेगेन : लख्ख. पुन्हा केला, पुन्हा लख्ख. ती करायची तसं सगळं केलं, पोरी. शेवटी यंत्रासमोर बसून म्हटलं, कुल्याश, सांग बाई, कुठे चुकतोय मी? जन्मभर माझ्या चुका तीच काढत आली.

अकबोपे : मग छापलं का नाहीत?

तोलेगेन : भांडायला ती कुठे होती? असती तर चार दिवस अबोला धरला असता, आणि पाचव्या दिवशी स्वतःच खरं काय ते शोधून काढलं असतं. तिच्या माघारी मी एकट्यानं तिला खोडायचं? नाही झालं माझ्यानं. आता तूच खोड. आणि त्या तिघांच्या खाली माझं नाव घाल.

अकबोपे : नाही घालता येणार, अगाय. छापून आलेलं नाही ते आम्ही घेत नाही.

तोलेगेन : हो, खरंच की. बरोबर आहे तुमचं. मग राहू दे.

अकबोपे : इतकी वर्षं कुणापाशी बोललाही नाहीत?

तोलेगेन : इथे येतं कोण, पोरी?