ट्रॉलीच्या लोखंडाची पायरी

(वाशीम. लखनच्या वेल्डिंगच्या दुकानापुढे उभी एक उंच, चौकोनी, पांढरी, महागाची गाडी; दाराखाली जाड, शेंदरी रंगाची लोखंडी पायरी. मालक तिघं : धरमसिंग, त्याची थोरली भावजय धनीबाई आणि तिचा लेक बादल. लखनच्या हातात ग्राइंडर आहे आणि तोंडात खर्रा, म्हणून तो नुसती मान हलवतो.)

धरमसिंग : ते ग्राइंडर खाली ठेव लखन, अन् ये असा जवळ. अजून जवळ. खर्रा थुकू नको, मले तुह्या तोंडाचं काम नाई, कानाचं हाये. तुले या पायरीची गोष्ट सांगतो. आयकून झाल्यावरही हात चालला, तर काप खुशाल.

बादल : काका, काम करू द्या त्याले. चार वाजता लाईट जाते.

धरमसिंग : जाऊ दे. पूर्वरंगाले घाई करनारा मानूस परसादाच्या लाइनीत पयला असते, हे मी चाळीस वर्सं मृदंग वाजवता वाजवता पाह्यलं.

बादल : हे कीर्तन नोहे. वेल्डिंगचं दुकान हाये.

धरमसिंग : मी जठी उभा राह्यलो तठी सप्ताह. इचार तुह्या याडीले.

धनीबाई : मले नोका इचारू. मी आत्ताच ऑटोतून उतरली, कंबर हातात आली माही.

धरमसिंग : पाह्य लखन, पाह्य! एवढ्या मोठ्या गाडीची मालकीन, अन् आली ऑटोनं. भिया, माहा थोरला भाऊ, गेला त्याले आठ महिने झाले, तवापासून गाडीले शिवली नाई. अन् हा दिवटा म्हनते, हाये ते पायरीबी कापा. आज किन्हीराजाले सप्ताहाचा सहावा दिवस. पाचले कीर्तन. पायरी गेली तर माही भाबी चढन कशी, अन् जाईन कशी?

बादल : मी कुठं म्हनतो जाऊ नको? पायरीचंच खूळ घेऊन बसले तुमी. माही लिस्ट तर आयका. पांढरा रंग झाकून वरून मॅट काळा. समोरची चमकनारी जाळी काढून नव्या मॉडेलची काळी जाळी. लाइटाले गोल रिंग. टायर मोठे. अन् गाडी दोन इंच वर उचलायची.

धरमसिंग : अजून वर? मंग खाली उतराले हेलिकॉप्टर घे.

बादल : लुक येते काका, लुक! कंपनीनंच तोंड बदललं नव्या गाडीचं.

धरमसिंग : शंकर नंदीवर बसते, विष्णू गरुडावर बसते. इतके युगं झाले, कोनी देव म्हनला का, बाप्पा या नंदीचे शिंगं जुन्या मॉडेलचे हायेत, नवे लावून द्या? अन् गाडी जुनी, तोंड नवं, हे काय सोंग हाये? उद्या मलेही दाढी काळी करून घोड्यावर बसोसान.

धनीबाई : घोडा नाई म्हनन तुमाले.

बादल : अन् तुमी का कमी केलं? आरशाले लाल गोंडे. बंपरले पितळी घंटी. टपावर भोंग्याचा स्टँड. सर्व्हिसवाल्या पोरानं मले इचारलं, साहेब, हे गाडी हाये का बैल?

धरमसिंग : सांगाचं होतं ना, बैलच हाये, डिझल पिते. पोळ्याले मी तिच्या बोनेटले हळद लावली तवा कुठी गेल्ता तुहा लुक? सारा तांडा पाया पडला.

बादल : बोनेटावर बेगड चिपकवली तुमी! अजून निंगाली नाई ते.

धरमसिंग : सोन्यावानी दिसते.

बादल : रविवारी नागपूरचा क्लब येऊन राह्यला काका. पंधरा गाड्या, साऱ्या अशाच. नाल्यातून जातीन, चिखलातून जातीन, टेकडीवर चढतीन.

धरमसिंग : काहून? तिकडं वावर हाये का त्याईचं?

बादल : शौक हाये.

धरमसिंग : घ्या! आपन जल्मभर चिखलातून निंगाले तडफडलो. रोडात वावर गेलं, त्याचा पैसा भेटला, तवा कुठं ही गाडी दारात आली. अन् हे लोक नागपुरातून डिझल जाळत येते चिखलात फसाले.

धनीबाई : येऊ द्या त्याईले. पन धरमभाऊ, पोराचं पुरं तर आयका. तो कायतरी गिळून राह्यला मघापासून.

बादल : काई नाई याडी.

धनीबाई : बोल.

बादल : मागच्या खेपेले कोनीतरी फोटो टाकला ग्रुपवर. आपल्या गाडीचा. पायरीभोवती लाल गोल काढला, अन् खाली लिहिलं, ट्रॅक्टरची बहीन. चाळीस जन हासले.

धरमसिंग : अन् तू?

बादल : मीबी हासलो.

धरमसिंग : बापानं लावलेल्या पायरीले हासला?

बादल : हासा लागलं काका! नाई हासलो असतो तर अजून हासले असते. तुमाले काय सांगू. तवापासून ते पायरी दिसली का मी तोंड फिरोतो. पयले बाबूची आठवन येते, मंग त्या हासन्याची. मले हे दोन्ही संग नाई पाह्यजे.

धरमसिंग : बरं. मंग आता गोष्ट आयकच. लखन, तूबी आयक. चार वर्सं झाले. गाडी पयल्या दिवशी तांड्यात आली. बायाईनं आरती केली, नारळ फुटला. मोहनसिंग भिया म्हने, पयले धनी बसन. आता भाबीनं पाय टाकला तर पाय पोचेच ना! घागऱ्याचा घेर दारात अटकला. मंग मागून दोघीजनी लोटत, समोरून मी वढत...

धनीबाई : वढत कुठी होते, हासत होते.

धरमसिंग : हासत हासत वढत होतो. अन् भाबी जे आत गेली ते तोंडावर. बसली कशावर, तर आरतीच्या ताटावर! सारा तांडा लोळला हासून. एकटा भिया हासला नाई. दुसऱ्या दिवशी झुंजुरकाच रिसोडले गेला. तठी माणिकराव ट्रॉल्या बनोते. त्याले म्हने, पायरी लाव. माणिकराव म्हने, एवढ्या गाडीले मी भोक नाई पाडत, मले पाप लागन. भिया म्हने, पाप माह्या नावावर, तू वेल्डिंग कर. ट्रॉलीचं लोखंड, वरून शेंदरी रंग. तांड्यात येऊन सांगे कसा, कंपनीले गाडी बनोता आली, पन माह्या बायकोचा पाय मोजता आला नाई. सांग लखन, हे लोखंड हाये? हा परसाद हाये. याले ग्राइंडर लावशीन?

बादल : राहू द्या मंग. नोको कापू लखनभाऊ.

धनीबाई : काप.

धरमसिंग : भाबी?

धनीबाई : काप म्हनते मी. मोठा परसाद आला! तीन वर्सं या परसादानं नडगी फोडली माही. हे पाहा. हे, अन् हे खालचं. दर खेपेले ठोकर.

बादल : याडी, मंग सांगितलं काहून नाई?

धनीबाई : कोनाले सांगू? बादलचा बाप साऱ्या तांड्याले बोलावून बोलावून दाखवे. पाव्हना आला का चहाच्या आंधी पायरी. त्या तोंडाकडं पाह्यलं का माही नडगी दुखनंच इसरे.

धरमसिंग : पन माप तर घेतलं होतं ना भियानं?

धनीबाई : घेतलं ना. सोताच्या पायाचं! सहा फुटाचा मानूस. आता माणिकरावाच्या दुकानात चार मानसं उभे, त्याईच्या समोर बायकोच्या पायाचं माप कसं सांगनार? लाज वाटली. घरी येऊन माह्या पायाले सुतळी लावाले तर त्याहून लाजले. मंग आपलाच पाय उचलला, अन् म्हने, घ्या, इतकं.

धरमसिंग : अरे देवा. म्हंजे ते पायरी भियासाठीच होती?

धनीबाई : त्यायले तर पायरीची गरजच नोहती.

बादल : मंग तू चढत कशी होती? मी पाह्यली ना तुले चढतानी. बाबूच्या संग साऱ्या कीर्तनाले जात होती.

धनीबाई : ते आंधी उतरत. फेरा मारून माह्या दाराकडं येत. लोकाइले वाटे, पाह्य कसा सायबावानी दार उघडते. दार उघडून एक हात कोपराखाली घालत, अन् मी वर. पायरीवर नुसता अंगठा टेकवो, त्यायले दिसला पाह्यजे म्हनून. पायरीनं नाई रे चढत होती मी.

धरमसिंग : (वाकून पायरीला हात लावतो.)

धनीबाई : आता धरमभाऊ, तुमी आठ महिने रोज म्हनता, चाल भाबी, पायरी हाये. अन् हा म्हनते, पायरी नोको, लुक जाते. दोघंही पायरीवरच भांडता. पायरीपाशी उभं राहाले कोनी येते का?

बादल : याडी, मले काय माहीत होतं...

धनीबाई : रडू नको. लखन पाहून राह्यला. तुहा रंग कर काळा, मले काई नाई. जाळी बदल. रिंगा लाव. पन गाडी वर उचलली तर तुले खाली उचलून आपटीन.

बादल : नाई उचलत.

धरमसिंग : अन् घंटी?

धनीबाई : घंटी राहीन. गोंडे काढा, कळकट झाले.

बादल : बेगड?

धनीबाई : ते खरवडा बाप्पा.

धरमसिंग : हे मले मंजूर नाई. पन मालकीन हाये, काय करता.

बादल : याडी, नवी पायरी लावू. बुटकी. आत घडी होनारी, दार उघडलं का खाली येनारी. बाहेरून दिसनारच नाई. लखनभाऊ, होते का? मान हलोते, होते म्हनते. माप...

धनीबाई : घे ना माप. हा घे पाय. इकडं तिकडं काय पाह्यता? नडगीपासून घे, चांगली मोजून. एकानं लाजून तीन वर्सं फोडली, आता पुरे झालं.

धरमसिंग : सुतळी मी धरतो. नाई तर फूटपट्टी आन रे लखन.

बादल : धरा काका. सव्वा फूट. नाई, त्याहून जरासं कमी.

धनीबाई : जरासं कमीच ठेव. म्हातारपन येऊन राह्यलं. अन् बादल, आज नवी पायरी काई होत नाई. पाचले कीर्तन हाये.

बादल : मी येतो ना त्या बाजूनं. फेरा मारून.

धनीबाई : हात कोपराखाली. बखोटीले नाई धरायचं, मी काई पोतं नोहे.

बादल : असा?

धनीबाई : थोडा खाली. हं. असा.

धरमसिंग : चढली! चढली रे! लखन, चढली भाबी! घंटी वाजवू का?

धनीबाई : खिडकीची काच खाली घे बादल. लखन, इकडं ये बेटा, जवळ ये. उद्या गाडी आनू, तवा पायरी हळू काप, अन् लोखंड भंगारात नोको टाकू, तुह्या ऐरनीखाली लाव. कोनी इचारलं का हे एवढं जाड लोखंड कुठचं, तर सांगजो, मोहनसिंगचं. मोहनसिंग नाव होतं माह्या नवऱ्याचं. ध्यानात ठेवजो.