तंबूचं मीटर आणि पारूचा मिक्सर

मंडळी, जरा सरसावून बसा. आज एकच प्रश्न विचारतो. दुसऱ्याची चूक शोधायला आपण सगळेच हवालदार — पण तपास करता करता पावलं आपल्याच दाराशी आली तर? तेव्हा काय करायचं? ऐका!

धरणाच्या काठी हौसाबाई भांगऱ्यांचे तंबू आहेत. शहरातली माणसं पक्कं घर सोडून तिथं येतात, कापडाखाली झोपतात आणि वर पैसे देतात. हसू नका — तुम्हीही घरचा पंखा सोडून इथं डास मारत बसलाच आहात की! तर प्रत्येक तंबूला वेगळं मीटर. येताना आकडा बघायचा, जाताना बघायचा, जेवढी वीज जाळली तेवढे पैसे. बाईंचा बाणाच तसा — "कुणाचं खायचं नाही, आपलं कुणाला खाऊ द्यायचं नाही."

एका रविवारी सकाळी टोकाच्या तंबूतलं जोडपं निघालं. जालिंदर रिक्षावाला आणि त्याची बायको नंदा. लग्नानंतर पहिल्यांदाच कुठं बाहेर पडलेले. बाईंनी मीटर बघितलं आणि कपाळाला आठी पडली.

"काय हो, आत शेगडी लावली होती का?"

"नाही मावशी. एक दिवा आणि मोबाइल, बस."

"मग मीटर काय वाऱ्यानं फिरलं?"

शेजारचे पाहुणे चहाचे कप घेऊन पुढं सरकले. कीर्तनाला उशिरा येतील, भांडणाला वेळेवर! नंदानं पिशवी उलटी केली. दोन साड्या, कंगवा, चिवड्याची पुडी. शेगडी कुठली! जालिंदरनं मान खाली घालून पाकीट काढलं.

ते पाकीट बघून हौसाबाई थबकल्या. चोर कधी इतक्या मुकाट्यानं पैसे काढतो का? त्यांनी तंबूतला दिवा काढायला लावला, चार्जर काढायला लावला. मीटर फिरतंच होतं. मग खांबावरचं त्या तंबूचं बटण खाली केलं — आणि स्वयंपाकघरातून सून पारू ओरडली,

"आई, मिक्सर बंद पडला!"

बटण वर — मिक्सर घर्रर्र. बटण खाली — गप्प.

मुलाचा, सदाचा, चेहरा उतरला. हंगामाच्या सुरुवातीला नवा फ्रीज आणला, तेव्हा जवळ पडते म्हणून स्वयंपाकघराची तार त्यानं याच मीटरवर जोडली होती. नंतर बदलायची राहूनच गेली; आधीचे पाहुणे पंखे, कूलर लावायचे, म्हणून आकडा कुणाला खटकला नव्हता. तो आईच्या कानाशी लागला, "अजून कुणाच्या ध्यानात आलं नाही. मीटर बिघडलंय म्हण, यांचे पैसे सोडून दे. विषय संपला."

आता बघा, किती सोपी वाट! बाईंचेही पाय घोटाळले. हंगामभराचे पाहुणे, गावातली पत, उद्या लोक काय म्हणतील? पण समोर मातीत साड्या पडल्या होत्या. बाई खाली बसल्या. एकेक साडी झटकली, घडी घातली, पिशवीत ठेवली. मग उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"आमचा फ्रीज या पोरांच्या मीटरवर चालत होता. खाल्लं आम्ही आणि आळ घेतला यांच्यावर. चूक माझी आहे."

नंदाचे डोळे भरले. "पैशाचं काही नव्हतं हो मावशी. सगळ्यांसमोर पिशवी दाखवावी लागली..."

"म्हणून तर सगळ्यांसमोर बोलले, बाई."

नंदानं डोळे पुसले. म्हणाली, "मग आता तो मिक्सर चालू करा. चटणीचा वास आलाय, भूक लागलीय."

न्याहारी झाली. तार त्याच दिवशी बदलली. आधीच्या पाहुण्यांना पैसे परत करायला सदा फोन करत बसला. एक गृहस्थ तर त्याच्यावरच भडकले — "मी ओटीपी देणार नाही!" खरेपणावर आता कुणाचा विश्वास राहिलाय, मंडळी?

तर विचार करा. सून पहाटे उठते, म्हणून आपली पूजा वेळेवर होते. थोरला भाऊ शेतात राबतो, म्हणून आपण गावात पुढारी. आणि वर त्यांनाच विचारतो, "दिवसभर करता काय?" आज घरी गेलात की ज्यांच्या जिवावर आपलं चाललंय, त्यांना चार माणसांत मान द्या. एकांतात नको, चार माणसांत! मग देवाचं नाव घ्या. ते त्याला नक्की ऐकू जाईल.