हरबाशेट विमेवाल्यांना जोखतात

मंडळी, एक विचारतो. दुसऱ्याला जोखणं सोपं. पण जोखणाऱ्याला जोखायचं कुणी? ऐका!

नांदवे बंदरात हरबाशेट खातू नावाचे व्यापारी होते. माणूस भला, पण स्वतःच्या अकलेवर भारी खूश! आमच्यासारखाच — आम्ही गळा काढला की कुत्री पळतात, तरी आम्ही गातोच!

एकदा वादळ झालं. निम्मी गलबतं समुद्रानं गिळली! सगळ्यांचा विमा गावातल्या तीन पेढ्यांवर. आता पेढ्या भरपाई देतील, की त्याच बुडतील? गाव धास्तावला. भिकूबाई नाखवीण हरबाशेटच्या दारात आली.

"शेट, घो गेला, गलबत गेलं. इमा तरी मिळंल ना?"

"रडू नको! एकेकाला वाजवून बघतो. मडकं कच्चं की पक्कं, मला आवाजावरून कळतं!"

निघाली स्वारी! पहिल्या पेढीचे मुळजीशेठ. "एवढी भरपाई देणार कशी?"

"त्यात काय! जोखीम सदोबा नाइकांवर टाकलीय. ते देतील!"

पक्कं मडकं! पुढे सदोबा. ते म्हणाले, "आमच्या पाठीशी बाळशेट पोकळे आहेत ना!"

हेही पक्कं! बाळशेटच्या पेढीवर सरबत आलं. पिता पिता हरबाशेटनी विचारलं, "आणि तुमच्या पाठीशी कोण?"

बाळशेट चकित! "अहो, आपणच की! माझ्या मुलाच्या लग्नात, भर पंगतीत म्हणालात — कमी पडलं तर हा हरबा जामीन!"

हरबाशेटना ठसका लागला! अहो, पंगतीत जिलबी खाताना वाटतं, बुडलं तर एखादं गलबत बुडेल. सगळी एकदम बुडतील, हे कुणाला सुचतं?

गुपचूप घरी जावं, असं मनात आलं. पण वाटेत भिकूबाई उभी! मग देवळासमोर गाव जमवला आणि स्वतःच्याच टाळूवर टिचकी मारली. "तीन पेढ्या वाजवल्या. कच्चं निघालं ते हे मडकं!"

लोक हसले.

"माझी वखार विकतो. सगळ्यांना पुरणार नाही, हे आजच सांगतो."

वखार गेली. शरमेनं तिन्ही पेढीवाल्यांनीही घरातलं सोनं काढलं. पुरी भरपाई कुणालाच नाही. पण रिकाम्या हातानं कुणी गेलं नाही. भिकूबाईला गलबताऐवजी होडी मिळाली. ती म्हणाली, "शेट, पुन्हा जामीन ऱ्हायचं तर आधी मला इचारा!"

हसू नका, मंडळी! 'काळजी नको, मी आहे' — कुणाकुणाला म्हणालात? ते सगळे एकाच दिवशी दारात आले तर? आणि माझ्याकडे नका बघू! माझा सूर पेटीवाल्याच्या भरवशावर, पेटीवाला तबलजीच्या, आणि तबलजी माझ्या बिदागीच्या! बोला, हरी हरी!