भाईंचा दुसरा दिवस

मालवण स्टँडवर ओरोसच्या गाडीच्या रांगेत सुगंधाकाकी उभी होती. पुढचे दोघे पाच ओव्हरींच्या स्पर्धेतले गडी. काकीने मान वळवली नाही, कान मात्र तिथेच ठेवले.

"जितू, आज सकाळी परत पिचवर बॅटीन मारलेली गार्डाची रेघ! काल मीच रोलर फिरवलंय."

"कुत्र्यान उकरला असतला."

"कुत्रो लेगस्टंपाचो गार्ड घेता?"

"मगे भाईच ते. दोन दिवसांच्या शेवटच्या मॅचीत पयल्या दिवशी साठावर नाबाद रवले, आणि दुसऱ्या दिवशी आमी मैदान पाच ओव्हरींका दिला."

"भाईंका जावन दोन वर्सां झाली रे! नारळ ठेवलो, देवाक गाऱ्हाणा घातला, तरी रेघ आसाच."

"आता सिमेंटच घालूया. रेघ उठाचीच नाय."

"सिमेंट?" काकी कडाडली. "एका म्हाताऱ्याक आउट करूक सिमेंट लागता? बॉल टाकूक येणा नाय काय रे?"

"काकी, तुमी भाईंच्या कोण?"

"बायल. त्यांच्या बॅटीची ओली माती रोज सकाळी मीच पुसतंय. उद्या उजाडता दोघय येवा. त्यांचो दुसरो दिवस खेळून घेवा, मगे काय तां सिमेंट घाला."

"येतंव, काकी. बॅट आमी आणू?"

"कित्याक? तेंची ते आणतत."