दोऱ्याला टांगलेला कोळसा

आपल्या शिक्षण संस्थेचे सन्माननीय अध्यक्ष श्री. अर्जुनरावजी, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती वाहेद सर, सहकारी शिक्षक, पालक बंधुभगिनी आणि विद्यार्थिनींनो,

मुख्याध्यापक म्हणून सरांना निरोप देण्याचं काम माझ्या वाट्याला आलं. ते मला मुळीच आवडलेलं नाही.

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात कोळशासारखे काळेकुट्ट लघुग्रह आहेत. मोठ्या दुर्बिणीतूनही त्यांचा नुसता ठिपका दिसतो. मग तो ठिपका स्वतःभोवती फिरतो, हे कळतं कसं? ते दाखवायला सरांनी एकदा नांदुरा स्टेशनातून इंजिनाचा एक लांबट कोळसा आणला, वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या, कोळसा काळ्या दोऱ्याने आडवा टांगला आणि बॅटरीच्या झोतात त्याला पीळ दिला.

आता, दाराला बिब्बा टांगणारी माणसं आपण! अंधारी खोली, काळा दोरा, मुली चिडीचूप. सर करणी करतात, असा गावभर बोभाटा झाला. मनकर्णाबाई आपल्या नातीला, शालूला, शाळेतून काढायलाच आल्या. मागे फाटकात इतर पालक उभे. शालू गेली असती तर सगळा वर्ग रिकामा झाला असता. आणि सरांवर काय वेळ आली असती, ते इथे बोलवत नाही.

"काऊन हो मास्तर, पोरीईले कोंडून हे काय टांगलं?"

"बसा आजी. काय दिसतं ते तुम्हीच सांगा."

बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. "मले काय दिसते? धब्बा दिसते नुसता." मग जरा वेळाने, "उजळला... मंदावला... पुन्हा उजळला. अवं शालू, हा तं फिरून राह्यला!"

"दुर्बिणीलाही एवढंच दिसतं, आजी. रुंद बाजू समोर आली की उजेड वाढतो, टोक आलं की कमी होतो." सरांनी दोऱ्याला पुन्हा पीळ दिला. एका शिक्षकाला असा खुलासा करावा लागतो, याचं दारात उभ्या मला फार वाईट वाटलं.

बाई फाटकाशी गेल्या. "जा आपापल्या घरी. करणी नाही न काई नाही. पोरी शिकून राह्यल्या."

शालू यंदा बुलढाण्याला कॉलेजात शास्त्र शाखेला गेली. आणि आज सकाळी मनकर्णाबाईंनी मला गाठलं: "मास्तर तं चालले. आता धाकटीले कोन शिकवन?" सरांच्या जागेवर अजून कोणाचीही नेमणूक नाही. ती माझ्या हाती नाही, संस्थेच्या हाती आहे.

सर, आपले मनापासून आभार; आणि सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आपणा सर्वांचेही. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. फक्त, अध्यक्षमहाराज, मनकर्णाबाई धाकटीला घेऊन समोरच बसल्या आहेत. त्यांना उत्तर दिल्याशिवाय आपण कोणी उठू नये, एवढी विनंती.