मुकुट खाली, क्रिंगल वर

…आणि वर मलाच विचारतात, “विलाड्स, एवढं सगळं केलंस, कागद आला, नोंद झाली, मग आता तोंड पाडून का बसलायस?” का बसलोय? सांगतो, तुम्हालाच सांगतो, बसा… कॉफी घ्या, वेलचीचा रोल घ्या, आणि मध्ये बोलू नका, कारण मध्ये कोणी बोललं की मी भरकटतो, असं गुद्रुन म्हणते. गुद्रुन म्हणजे माझी बायको. मध्ये बोलते ती तीच, पण ते जाऊ दे.

तर क्रिंगल. कणकेच्या दोरीला गाठ मारून भाजलेला गोड पाव. तोच लोखंडाचा करायचा, सोनेरी रंगवायचा, डोक्यावर मुकुट चढवायचा आणि दारावर टांगायचा, हे डेन्मार्कातला प्रत्येक बेकर करतो. मुकुट वर, क्रिंगल खाली. आमचा मात्र उलटा! का, तर वादळात तो निखळून पडला, शिडी शेजाऱ्याने नेलेली, मग आजोबा माळ्याच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लोंबकळले, आजीने आतून पाय धरले, आणि त्या लोंबकळत्या डोक्याने बघून बघून आजोबांनी क्रिंगल अगदी सरळ लावला. खाली येऊन बघतात तर काय… मुकुट खाली, क्रिंगल वर! आता परत लावायचा तर आजी पाय धरेना. लोक हसायला आले, हसता हसता पाव घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी परत आले. तेव्हापासून आख्खं फोबोर गाव पत्ता सांगतं तो असा, “उलट्या क्रिंगलपासून डावीकडे.” दुकानाचं खरं नाव कुणालाच माहीत नाही, मलासुद्धा पाटी वाचावी लागते.

आणि मग हा ट्रोल्स! अकरा वर्षं माझ्या हाताखाली होता, तुम्हाला सांगतो, आजोबांची वेलची कशी कुटायची ते मी या हातांनी शिकवलं त्याला. एक दिवस म्हणाला, आता स्वतःचं काढतो. म्हटलं, काढ की! केक नेला मी उद्घाटनाला, बेकराकडे केक! बंदराच्या पलीकडे त्याचं दुकान, मी वर बघतो तर… मुकुट खाली, क्रिंगल वर. माझ्या हातातला केक तिरका झाला. म्हटलं, ट्रोल्स, हे काय? तर शांतपणे म्हणतो, “क्रिंगल सगळ्या बेकरांचा असतो, तूच सांगायचास.” अरे, सगळ्यांचा तो सरळ! उलटा आमचा! खरं सांगू? वाईट वाटलं. चोरी झाली म्हणून नाही, त्याने केली म्हणून.

बरं, वाईट वाटून घेऊन गप्प बसलो असतो. पण आठवड्याने आबेलोनेबाई आल्या, आजोबांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक, वय वर्षं ब्याऐंशी, नंबराची चिठ्ठी घेऊन निमूट उभ्या राहिल्या, नंबर आला तशा म्हणाल्या, “विलाड्स, तुझ्या आजोबांची वेलची कधी जळली नाही रे. काल तू जाळलीस.” म्हटलं, बाई, काल तुम्ही इथे आलाच नव्हता! तर म्हणतात, “आले होते की, उलट्या क्रिंगलकडे.” म्हणजे वेलची जाळायची त्याने आणि नाव जायचं आजोबांचं? त्या दिवशी गुद्रुन म्हणाली, “नोंदणी कर. चिन्हाची. कायद्याने.”

केला अर्ज. आता त्यात एक रकाना, आपला माल कोणत्या वर्गातला? मी लिहिलं, पहिल्या वर्गातला. का नाही लिहायचं? चौथ्या दिवशी कार्यालयातून फोन, सिग्ने नावाची बाई, आवाज एकदम गोड. “विलाड्स, तू रसायनं बनवतोस का?” रसायनं? “पहिला वर्ग रसायनांचा आहे. पाव तिसाव्या वर्गात येतो.” तिसाव्या! आजोबांचा पाव तिसाव्या वर्गात, आणि पहिला नंबर कुणाला तर रसायनांना! पण म्हटलं असो, बाईचा काय दोष, घातला तिसाव्यात.

मी कागदावर ओबडधोबड काढून दिलं, त्यावरून नीट चित्र काढलं माझ्या मेहुण्याने, एस्किलने. छापखाना आहे त्याचा. मी त्याला काय काय सांगितलं असेल? एकच. मुकुट खाली, क्रिंगल वर, एवढं लक्षात ठेव. अर्ज गेला, सहा आठवडे गेले, उत्तर आलं… नामंजूर! शेकडो वर्षांपासून हे सगळ्या बेकरांचं चिन्ह आहे, एकट्याला मिळणार नाही. मी लावला फोन. म्हटलं, सिग्ने, पण आमचा उलटा आहे! ती म्हणते, “माझ्यासमोरचा सरळ आहे.” मी धावत एस्किलकडे. तो चष्मा पुसत म्हणतो, “हो, मला वाटलं, घाईत तू कागद उलटा दिलास. मी सुधारून टाकला. आभार मानू नकोस, घरचंच काम आहे.” मानतो आभार!

दुसरा अर्ज. या वेळी मी त्याच्या टेबलाशी ठाण मांडून बसलो, समोरासमोर, तो त्या बाजूला, मी या बाजूला. त्याने चित्र काढलं, मी बघतो तर परत सरळ! म्हटलं, बघ, बघ, परत तेच. तरातरा त्याच्या बाजूला गेलो, न बघताच कागद फिरवला, त्याच्यावर बाण काढला, “ही बाजू वर” असं लिहिलं आणि स्वतः टपालात टाकला. एस्किल काहीतरी बोलत होता, मी ऐकलं नाही. सहा आठवड्यांनी सिग्नेचा फोन. “विलाड्स… परत सरळच आहे. आणि या वेळी बाण पण आहे.” अहो, मी समोरून बघत होतो ना! त्याने बिचाऱ्याने बरोबर उलटा काढला होता, मला तो सरळ दिसला, आणि मी स्वतःच्या हाताने… आजोबांचं रक्त, दुसरं काय.

तिसरा अर्ज गुद्रुनने पाठवला. मला घराबाहेर काढून. झाला मंजूर! दोन महिने थांबायचं, कुणाची हरकत येते का बघायची. ट्रोल्सची येणार, मला खात्री. रोज टपाल बघायचो. नाही आली. शेवटी तोच आला, टोपी हातात घेऊन, म्हणाला, “विलाड्स, पहिल्याच दिवशी तू नुसतं सरळ कर म्हणाला असतास, तरी केला असता.” घ्या! आठ महिने भांडलो मी, आणि समोरचा भांडतच नव्हता! म्हणतो, “सरळ करून घेतो. फक्त तुझी शिडी दे.” दिली. स्वतः उचलून दिली.

शिडी दिली, हे लक्षात ठेवा.

आज शनिवार. गुद्रुनने काउंटरवर छोटे झेंडे लावलेत, क्रिंगल उतरवून नवा सोन्याचा मुलामा दिलाय, दारात ही रांग, आबेलोनेबाई पुढे, ट्रोल्स पण आलेला. आणि शिडी? शिडी त्याच्या दुकानाला टेकलेली, बंदरापलीकडे. म्हटलं, शिडी कशाला? आजोबांसारखा लावतो! गेलो माळ्यावर, कमरेपर्यंत बाहेर लोंबकळलो, गुद्रुनने पाय धरले. डोकं खाली, रक्त सगळं कानात, आणि तोंडाने आपला जप चालू, मुकुट खाली, क्रिंगल वर, मुकुट खाली, क्रिंगल वर… गुद्रुन आतून विचारते, “उलटा आहे ना? नीट बघ.” म्हटलं, मी नाही बघणार तर कोण बघणार? चांगला उलटा दिसतोय! कसला फिट बसवला, तुम्हाला सांगतो, दोन्ही पेच करकचून.

खाली आलो. टाळ्या नाहीत. आबेलोनेबाई मान वर करून बघतायत. ट्रोल्स हळूच म्हणाला, “विलाड्स, आता आपण दोघेही सरळ.”

…

परत लोंबकळायला गुद्रुन पाय धरत नाही. शिडी सोमवारी येणार. मघाशीच एकाने दारात उभं राहून विचारलं, उलट्या क्रिंगलचं दुकान कुठे गेलं? मी आत जाऊन कागद आणला, दाखवला त्याला, शिक्क्यासकट… बघा, आख्ख्या डेन्मार्कात क्रिंगल उलटा टांगायचा हक्क एकाच माणसाला आहे. आणि नेमका तेवढ्याच माणसाला तो उलटा टांगता येत नाही.