सोमवार, चतुर्थी, शनिवार आणि गुरुवार

(बडोद्यातलं एक रुग्णालय. हृदयरोग्यांना पथ्य शिकवणाऱ्या नर्स कांचनबेन यांची खोली. समोर रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक श्रीपतराव आणि त्यांच्या पत्नी अहल्याबाई.)

श्रीपतराव : …आणि म्हणूनच मी म्हणतो, कांचनबेन, आपल्या हृदयाची राखण आपणच करायची असते. डॉक्टर निमित्तमात्र. हे ज्याला उमगलं, तो तरला.

अहल्याबाई : तरलेल्या माणसाच्या पायात चपला शिरत नाहीत. माझ्या भावाच्या घालून आलेत, त्याही मागून दुमडून.

कांचनबेन : पाय वर घ्या, काका. हं. बोट दाबलं तिथे खड्डा राहिला. वर्गात काय शिकवलं होतं? खड्डा राहिला तर?

श्रीपतराव : अंगात पाणी साठतंय असं समजायचं आणि त्याच दिवशी तुम्हाला फोन करायचा. बाहेर ते हरणी भागातले नवे पेशंट बसलेत ना, त्यांना आत्ताच समजावून आलो. फार घाबरलेत बिचारे.

कांचनबेन : आणि तुम्ही फोन केव्हा केला?

श्रीपतराव : तो हिने केला.

अहल्याबाई : आपोआप उतरेल म्हणत होते. आडवं पडलं की जीव घुसमटतो, म्हणून खुर्चीत बसून झोपतात. झोपतात कसले. श्वास चालू आहे का, ते मी ऐकत बसते.

कांचनबेन : सकाळी मोठे डॉक्टरसाहेब मला रागावले. म्हणाले, तुझा हा पेशंट वर्गात पहिला येतो आणि वॉर्डात परत येतो. फुप्फुसात पुन्हा पाणी आहे, काका. आता उतरवू. पुढच्या वेळी उतरेलच, असं साहेब सांगत नाहीत.

अहल्याबाई : म्हणूनच तुमच्याकडे आले, बेन. तुम्ही सांगितलेलं एकही सोडलं नाही मी. पाण्याचा तांब्या मोजून भरते. लघवीची गोळी हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत उभी राहते. वजन रोज बघते. मग हे पाणी येतं कुठून?

कांचनबेन : गाठिया? पापड? अथाणू?

अहल्याबाई : लोणच्याची बरणी शेजारच्या प्रतिमावहिनींकडे नेऊन ठेवली. मिठाचा डबासुद्धा त्यांनाच दिला. पाहुणा आला तर त्यालाही अळणी वाढते. आता पाहुणे येत नाहीत.

कांचनबेन : मग काकांना जेवण उतरतं कसं?

अहल्याबाई : कुरकुर करतात थोडी. पण अर्धा आठवडा तर उपासच असतो.

कांचनबेन : उपास? काकांना?

अहल्याबाई : सोमवार आणि चतुर्थी आमच्याकडे आधीपासून होतेच. यांना पहिल्यांदा इथे आणलं तेव्हा मी शनिवार बोलले. दुसऱ्यांदा आणलं तेव्हा गुरुवार. दोघांनी करायचे असं बोलले. एकटीनं केला तर वर पोचेल की नाही, कोण जाणे.

कांचनबेन : आणि त्या दिवशी खाता काय?

अहल्याबाई : हलकंच. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी.

कांचनबेन : त्यात मीठ?

अहल्याबाई : छे, उपासाला मीठ कसं चालेल? सैंधव घालते.

कांचनबेन : काकू, सैंधव मीठच आहे.

अहल्याबाई : नाही हो. ते उपासाला चालतं.

कांचनबेन : देवाला चालत असेल. काकांच्या हृदयाला दोन्ही सारखंच.

अहल्याबाई : खाणीतलं असतं ते. यांना बाधू नये म्हणून मांडवीच्या बाजारात जाऊन खडे निवडून आणते. अहो, तुम्ही सांगा ना बेनना. जन्मभर हेच शिकवलंत. वेगळं असतं ना सैंधव?

श्रीपतराव : तसा बारीक फरक असतो. इतर क्षार थोडे…

कांचनबेन : काका.

श्रीपतराव : मीठच आहे. सोडियम क्लोराइड.

अहल्याबाई : तुम्हाला माहीत होतं.

श्रीपतराव : पहिल्या वर्षाच्या मुलांना ओळखायला देत असे मी.

अहल्याबाई : मग बोलला का नाहीत?

श्रीपतराव : इथून घरी गेल्यावर पहिला उपास तुझा शनिवारच आला, त्या दिवशी खिचडीला चव होती. किती दिवसांनी. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे, पुढच्या वेळी सांगू. तर तू गुरुवारही बोललीस. मरणाची भीती वाटते, अहल्या. पण ती अधूनमधून. जेवायला रोज बसावं लागतं.

अहल्याबाई : दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे हो, बेन. मला वाटायचं, अंगी लागतंय. यांचं बिघडलं की मी उपास वाढवला, आणि उपास वाढला की यांचं… मी देवाजवळ काय मागत होते आणि हातानं काय वाढत होते.

कांचनबेन : रडू नका, काकू. चूक माझी पण आहे. पापडापासून फरसाणापर्यंत सगळं विचारलं, उपासाचं विचारलंच नाही.

अहल्याबाई : बोललेले उपास आता मोडायचे कसे?

कांचनबेन : काका नाही करणार. तुम्ही करा, देव चालवून घेईल.

श्रीपतराव : अगं, मी तुला शब्द देतो, आजपासून…

अहल्याबाई : तुम्ही काही देऊ नका. बेन, यांना ठेवून घ्या. कितीही दिवस ठेवा. इथे तरी बिनमिठाचं पोटात जाईल. माझ्या हातचं आता नको यांना.

कांचनबेन : ठेवून तर घेतेच आहे. पण काकू, संध्याकाळी डबा घरून आणाल?

अहल्याबाई : वॉर्डात जेवण देत नाहीत?

कांचनबेन : देतात. डाळ सगळ्या वॉर्डांची एकाच पातेल्यात शिजते, मीठ घालूनच.